स्थळपाहणी केली, जमीन पडीक

राजरत्न तांबे नगररचनेच्या कार्यालयातून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते, "तांब्यांनी आयुष्यात एक रेघ वाकडी मारली नाही." साहेबांना पुढच्या मीटिंगची घाई होती आणि आदल्या महिन्यात दुसऱ्या एका आरेखकाबद्दलही ते हेच बोलले होते. पण तांब्यांनी ते मनावर घेतलं. आरेखक म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेघा कागदावर मारणारा माणूस. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे स्मशान, हे ठरवणारे वेगळे. तरी पस्तीस वर्षं रेघा मारल्यावर माणसाला हळूहळू वाटू लागतं की ही गावं आपणच वसवली. तांबे कल्याणच्या पुढे कुठेही गेले की रस्त्याकडे असे बघत, जणू तो त्यांना विचारूनच वळला आहे.

संसार अंबरनाथ पूर्वेला, भाड्याच्या दोन खोल्यांत झाला होता. बायको यशोधरा शाळेत शिक्षिका. तीही त्याच सुमारास निवृत्त झाली, तेव्हा दोघांनी बदलापूरजवळ सोनिवलीला एका नव्या संकुलात सातव्या मजल्यावर फ्लॅट पाहिला. गॅलरीसमोर शेतं होती, एक ओढा होता आणि पलीकडे डोंगराची ओळ. यशोधराबाई कठड्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "समोरची जागा अशीच राहणार का, ते एकदा नकाशात बघून घ्या. तुमचंच तर खातं."

"अगं, या भागाचे नकाशे माझ्या हाताखालून गेलेत," तांबे म्हणाले. "समोर हरित पट्टा आहे. तिथे काही होत नाही."

खरं म्हणजे त्यांना या भागाचं काहीएक आठवत नव्हतं. पण बिल्डरचा माणूस शेजारी उभा होता आणि त्याच्यासमोर 'बघावं लागेल' म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. नंतर बघू म्हणून राहिलं ते राहिलंच. लोकांच्या जागेचे नकाशे तीनतीनदा तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं घर गॅलरी बघून घेतलं.

दोन वर्षं मजेत गेली. समोरच्या शेतातली बनूबाई, सत्तरीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, सकाळी गेटवर काकडी, भेंडी, अळू घेऊन बसायची. तांबे तिच्याकडून भाजी घेत आणि बदल्यात तिला शेती कशी करावी हे सांगत. ती ऐकून घ्यायची. गिऱ्हाईक होतं.

मग एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी चंदर यांचा ग्रुपवर मेसेज आला. चंदर मूळचे उल्हासनगरचे सिंधी. तिथल्या कॅम्पात त्यांचं जीन्सचं दुकान होतं आणि बोलण्यात मराठी, हिंदी, सिंधी यांचा त्यांनी आपल्या सोयीचा काला केलेला होता. शहराचा सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता आणि त्यात समोरच्या शेतांवर घनकचरा डेपोचं आरक्षण दाखवलं होतं. हरकती द्यायला तीस दिवसांची मुदत होती.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. एरवी सभेला अकरा माणसं यायची, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. चंदर माइक हातात घेऊन म्हणाले, "साईं, घाबरायचं नाय. आपल्याकडे तांबेसाब आहेत. पूरी जिंदगी टाउन प्लॅनिंगमध्ये काढली. त्यांना सगळा आतला रस्ता माहीत."

तांबे उठले. आतला रस्ता त्यांना फक्त झेरॉक्स मशीनपर्यंतचा माहीत होता. पण दोनशे माणसं आपल्याकडे बघत असताना ते सांगणं बरं दिसत नाही. ते डेपोभोवती मोकळ्या ठेवायच्या बफर झोनबद्दल बोलले, ओढ्यापासूनच्या अंतराबद्दल बोलले, आणि टाळ्या पडू लागल्या तसा त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी ते म्हणाले, "ज्या कोणी हे आरक्षण टाकलं, त्याने ही जागा डोळ्यांनी पाहिलेली नाही, हे मी लिहून देतो. अशा बेजबाबदार माणसांमुळे खातं बदनाम होतं."

सभेने त्यांना तिथल्या तिथे डेपोविरोधी कृती समितीचं अध्यक्ष केलं. चंदर यांनी दुसऱ्याच दिवशी गेटवर बॅनर लावला. तांब्यांचा दुसरा फोटो मिळाला नाही, म्हणून पेन्शनच्या कागदांवरचा पासपोर्ट फोटो मोठा करून छापला. यशोधराबाईंनी तो खालून बराच वेळ पाहिला.

"तुम्ही निवडणुकीला उभे आहात की हरवले आहात," त्या म्हणाल्या, "ते कळत नाहीये."

हरकत नीट लिहायची तर जुना आराखडाही बघायला हवा होता, कारण हे आरक्षण नवीन नव्हतं. वीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यातून ते जसंच्या तसं पुढे आलं होतं. तांबे चंदर यांच्या स्कूटरवर मागे बसून नगररचना कार्यालयात गेले, जुन्या नकाशाची प्रत काढून आणली आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर पसरली. चष्मा लावून खाली वाकले.

पडीक जमीन दाखवायला नकाशात गवताचे छोटे झुबके काढतात. या नकाशात सोनिवलीच्या त्या तुकड्यावर तीन झुबके होते आणि मधला डावीकडे झुकलेला होता. असा डावीकडे झुकलेला झुबका उभ्या जिल्ह्यात एकच माणूस काढायचा, आणि त्याबद्दल त्याने दोनदा बोलणीही खाल्ली होती. त्यांनी नकाशाचा उजवा खालचा कोपरा पाहिला. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आरेखन व पाहणी: रा. तां.'

त्यांनी चष्मा पुसला. कोपरा तोच राहिला.

मग सगळं आठवलं. मे महिना होता. ते आणि एक सर्वेअर सोनिवलीची जागा बघायला निघाले होते. खात्याची जीप अंबरनाथला बंद पडली. सर्वेअर म्हणाला, आलोच आहोत तर शिवमंदिरात जाऊन येतो. तांब्यांना देवाचं काही नव्हतं, पण सावलीचं होतं. ते बाहेर झाडाखाली बसले, दोन ग्लास उसाचा रस प्यायले आणि त्यांना डुलकी लागली. जीप दुरुस्त झाली तेव्हा चार वाजले होते. सर्वेअर म्हणाला, आता कुठे जायचं उन्हाचं, जुन्या नकाशात ती जागा मोकळीच दिसते. तांब्यांनी गुडघ्यावर वही ठेवून शेरा लिहिला, 'स्थळपाहणी केली. जमीन पडीक. वस्ती नाही. पाण्याचा स्रोत नाही.' दोघांनी सह्या केल्या. पुढे साहेबांना डेपोसाठी गावाबाहेरची ओसाड जागा हवी होती, तेव्हा त्यांनी तांब्यांच्याच नकाशावर बोट ठेवलं, आणि तांब्यांनी त्या बोटाभोवती सरळ, स्वच्छ, एकही वळण न चुकता चौकोन काढला.

तो सर्वेअर आता हयात नव्हता. त्यामुळे सगळा मान तांब्यांना एकट्यालाच मिळणार होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटात बोंबलाची चटणी तशीच ठेवली, तेव्हा यशोधराबाईंनी समोर खुर्ची ओढली. "काय झालंय?"

तांब्यांनी सांगितलं. सांगताना झाड, जीप आणि उन्हाचा पारा याबद्दल जास्त सांगितलं, डुलकीबद्दल कमी. यशोधराबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग त्या हसू लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदराशिवाय. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. "हरित पट्टा," त्या मधेच म्हणत आणि पुन्हा हसत. "माझ्या हाताखालून गेलेत."

"झालं का?" तांबे म्हणाले.

हसू ओसरल्यावर त्या थोडा वेळ गॅलरीकडे बघत राहिल्या. "बनूबाई तेव्हापासून तिथे पिकवते का हो?"

"माहीत नाही. नकाशात नाही ती."

"नकाशात नाही म्हणजे काय? बाई आहे ती. रोज सकाळी खाली बसते."

तांब्यांनी बोंबलाची चटणी खाल्ली.

ही गोष्ट समितीला सांगावी, असं त्यांना एकदा वाटलं. पण बॅनर नुकताच लावला होता. आधी हरकत भक्कम करू, त्यांनी ठरवलं, म्हणजे आपलं नाव मधे येणारच नाही. जमीन लागवडीखाली आहे याची सर्वांत मोठी साक्षीदार बनूबाई. तिची सही हवी होती. म्हणून एका सकाळी तांबे आणि चंदर ओढा ओलांडून तिच्याकडे गेले. सातव्या मजल्यावरून जे अंतर चिमूटभर दिसायचं, ते चालायला वीस मिनिटं लागली आणि तांब्यांची एक चप्पल चिखलात राहिली. बनूबाईनेच ती काठीने उपसून दिली.

पडवीत घोंगडीवर बसवून तिने दोघांना पाणी दिलं. चंदर यांनी कागद पुढे केला. "मावशी, इथे डेपो नको ना? बस, एक साइन कर."

बनूबाई कागदाकडे न बघता उठली. "आदी माझ्याबरोबर चला."

शेताच्या टोकाला, बांधाच्या खाली, ढीग होता. काळ्या पिशव्या, शहाळी, डायपर, थर्माकोल, कुणाच्या तरी गृहप्रवेशाच्या शंभर द्रोण-पत्रावळ्या. संकुलाचा कचरा उचलायला सोसायटीने एक खासगी टेम्पोवाला ठेवला होता. तो रोज सकाळी वेळेवर यायचा आणि कचरा घेऊन जायचा, म्हणून सगळे त्याच्यावर खूश होते. तो पुढे कुठे जातो, हे दोनशे चाळीस फ्लॅटमध्ये कुणी विचारलं नव्हतं. ओला-सुका वेगळा करायचा नियम येऊन कितीतरी वर्षं झाली होती. सोसायटीने त्यासाठी हिरव्या आणि निळ्या बादल्या घेतल्या होत्या. त्यातल्या हिरव्यांत आता जिन्याजवळ शोभेची झाडं होती.

बनूबाईने काठीने एक पिशवी उसवली. आतून एक कुरिअरचं पाकीट निघालं. तिने ते काठीच्या टोकाने चंदर यांच्याकडे सरकवलं. "मना वाचता येत नाय. कोनाचा हाय?"

चंदर यांनी वाचलं आणि तांब्यांकडे पाहिलं. पाकिटावर छापलेलं होतं, 'रा. तांबे, सातशे चार.' त्यात तांब्यांनी मागवलेलं, घरच्या घरी खत बनवण्याविषयीचं माहितीपत्रक आलं होतं. पत्रक तांब्यांनी ठेवलं होतं. पाकीट मात्र केळ्याच्या सालींसोबत बांधून दिलं होतं.

"डेपो नको बोलता तुमी," बनूबाई म्हणाली. "मग ह्यो काय हाय? माजी म्हैस मागल्या वर्साला पिशव्या खाऊन मेली. सई करीन मी. पन आदी ह्या उचला."

"उचलतो," तांबे पुटपुटले.

"आनि अजून एक. तवाचा सरकारी कागूद मी वाचून घेतलाय. तो बोलतो, कोनी साहेब जमीन बघून गेला. वीस वर्सांमागं." तिने काठी एका विहिरीकडे दाखवली. काठ दगडाने बांधलेला होता आणि एका दगडावर वर्ष कोरलेलं होतं. "त्या उनाल्यात मी नि माजा घरवाला याच जाग्यावर विहीर खनत व्हतो. दोन महिनं. कोन साहेब आला नाय. आला असता तं पानी पाजला असता."

चंदर म्हणाले, "कुठला हरामखोर असेल, मावशी. सापडला ना, तर तांबेसाब त्याला सोडणार नाहीत."

तांबे विहिरीत डोकावून बघत होते. पाणी बरंच वर होतं.

कचरा उचलायला पुढचे तीन रविवार गेले. ग्रुपवर आवाहन केलं तर शहाण्णव जणांनी अंगठे दाखवले आणि प्रत्यक्ष सहा जण आले, त्यात एक जण व्हिडिओ काढायला. टेम्पोवाला काढून टाकला. तांबे हातमोजे घालून पिशव्या उचलत होते आणि लोक त्यांचं कौतुक करत होते, की या वयात, अध्यक्ष असून. ते कौतुक ऐकून त्यांना बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. ढीग संपला त्या दिवशी बनूबाईने अंगठा दिला.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात तांबे रोज वाचनालयात जाऊन बसू लागले. यशोधराबाईंना वाटलं, कचऱ्याचे नियम वाचत असतील. ते पेन्शनचे नियम वाचत होते. निवृत्त कर्मचाऱ्यावर इतक्या जुन्या गोष्टीसाठी चौकशी लावता येत नाही, असं त्यांना एका पुस्तकात सापडलं. मग त्यांनी ते दुसऱ्या पुस्तकात पडताळून पाहिलं. मग जुन्या ऑफिसातल्या एका लेखापालाला फोन करून, 'माझ्या एका मित्राच्या बाबतीत' असं म्हणून विचारलं.

"तुमच्या मित्राला सांगा, निवांत झोप," लेखापाल म्हणाला. "काय केलंय तुम्ही?"

संध्याकाळी त्यांनी यशोधराबाईंना सांगितलं, की वेळ पडली तर सुनावणीत आपण खरं बोलणार आहोत. सद्सद्विवेकाला स्मरून.

"पेन्शनचं बघितलंत का?" यशोधराबाईंनी विचारलं.

"बघितलं."

"मग बोला."

सुनावणी नियोजन समितीसमोर होती. समितीच्या वतीने कागद बघायला किर्ती नावाची तरुण नगररचनाकार होती. तिच्यासमोर फायलींचा ढीग होता आणि ती प्रत्येक अर्जदाराचं म्हणणं स्वतःच्या हाताने टिपून घेत होती. सोनिवलीचा नंबर लागला तेव्हा तांबे, चंदर, बनूबाई, यशोधराबाई आणि सोसायटीचे वीसेक लोक आत गेले.

तांब्यांनी तयारी चांगली केली होती. ओढ्याचं अंतर, विहिरीचं अंतर, इमारतींचं अंतर, लागवडीचे फोटो. किर्तीने सगळं लिहून घेतलं. मग तिने जुनी फाइल उघडली.

"काका, तुमचं म्हणणं मला पटतंय," ती म्हणाली. "पण तुम्ही खात्यातले आहात, तुम्हाला माहीत आहे. विहीर आणि शेती आरक्षण पडल्यानंतर केली असेल, तर तेवढ्याने आरक्षण हटत नाही. मूळ पाहणीच्या वेळी काय होतं, हे महत्त्वाचं. आणि शेरा स्पष्ट आहे. जमीन पडीक. वस्ती नाही. पाणी नाही. जागेवर जाऊन पाहणी केलेली आहे."

"ती पाहणी झाली नव्हती," तांबे म्हणाले.

"असं तुम्ही म्हणता. पण मी अधिकृत शेरा खोटा कसा मानू? ज्यांनी लिहिला त्यांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि ते आता कुठे असतील, कोण जाणे."

"सातव्या मजल्यावर," तांबे म्हणाले.

किर्तीने पेन थांबवलं. "काय?"

बोलणं सुरू करायला त्यांनी घरी एक वाक्य तयार केलं होतं. त्यात 'अंतरात्मा' हा शब्द होता. ते वाक्य आता काही केल्या आठवेना. "रा. तां. म्हणजे मी," ते म्हणाले. "राजरत्न तांबे. मी त्या दिवशी सोनिवलीला गेलोच नाही. अंबरनाथला झाडाखाली झोपलो होतो. शेरा मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिला."

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपला अध्यक्ष." चंदर यांनी खुर्चीतल्या खुर्चीत वळून तांब्यांकडे बघितलं. जन्मभर ओळखीच्या गिऱ्हाइकाने फाटकी नोट चालवली तर माणूस जसा बघतो, तसं.

"तांबेसाब," ते हळूच म्हणाले, "मी तर त्याला शिव्या दिल्या होत्या."

"हो. ऐकत होतो मी."

किर्तीने विचारलं, "हे लेखी द्याल?"

तांब्यांनी होकार दिला. पस्तीस वर्षं ज्या हाताने एक रेघ वाकडी मारली नाही, त्या हाताने लिहिलेला तो जबाब इतका तिरका गेला, की किर्तीने त्यांना दुसरा, आखीव कागद दिला. ते लिहीत असताना बनूबाई उठून शेजारी येऊन उभी राहिली. आता ही सगळ्यांसमोर काय बोलते, म्हणून तांब्यांनी मान वर केली नाही.

"तूच तो साहेब?" ती म्हणाली.

"हो, बनूबाई."

"झोपला व्हतास?"

"हो."

"माजा घरवाला मरेपरत बोलायचा, कोनीतरी पैसं खाल्लं असतील. मी पन तसाच बोलायची." तिने श्वास सोडला. "झोपला व्हता. ह्याच्यापायी वीस वर्सं माज्या जीवाला घोर."

ती जाऊन पुन्हा बसली. सुनावणीत झालेल्या सगळ्या बोलण्यात हे तेवढं तांब्यांना खरोखर लागलं. पैसे खाल्ले असते तर निदान काही कारण तरी होतं.

पंधरा दिवसांनी फेरपाहणीचा आदेश निघाला. किर्ती स्वतः आली. तिने तांब्यांनाही बोलावलं होतं, का ते सांगितलं नाही. पुन्हा मे महिनाच लागला होता. भर बारा वाजता सगळे ओढ्याच्या काठाकाठाने चालले. बनूबाई पुढे, किर्ती मधे, तांबे मागे छत्री धरून. बनूबाईने विहीर दाखवली, भाताची खाचरं दाखवली, ओढ्यातला उन्हाळ्यातही न आटणारा डोह दाखवला. प्रत्येक ठिकाणी किर्ती थांबायची, मोजायची, फोटो काढायची. एका ठिकाणी तांबे छत्री टेकवून कलिंगडाच्या वेलावरच उभे राहिले.

"पाय काढ," बनूबाई म्हणाली. "पडीक नाय ती."

निकाल यायला तीन महिने लागले. ओढ्याकडची सगळी जमीन आरक्षणातून वगळली गेली. डेपोही इथून गेला. मात्र ओढ्याच्या अलीकडचा कातळाचा एक पट्टा, ज्यावर खरंच कधी काही पिकत नव्हतं, तिथे आसपासच्या इमारतींच्या ओल्या कचऱ्याचं खत करण्याचं छोटं केंद्र ठरलं. आणि तो पट्टा बरोबर तांब्यांच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून होता. जुन्या आरक्षणापेक्षा कितीतरी जवळ. शिवाय नियोजन समितीने अट घातली, की संकुलांनी कचरा वेगळा करून दिला नाही तर तो उचलला जाणार नाही.

चंदर निकालाचा कागद घेऊन वर आले. सुनावणीपासून ते तांब्यांशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी कागद दोनदा वाचून दाखवला आणि विचारलं, "साईं, एक सांगा. आपण जिंकलो की हरलो?"

"मलाही नीट कळलेलं नाही," तांबे म्हणाले.

"आणि मोठा डेपो? तो कुठे गेला?"

तो दुसऱ्या एका गावाच्या हद्दीत गेला होता. तांब्यांनी ते वाचलं होतं. तिथल्या लोकांनी हरकत घेतल्याची बातमीही वाचली होती. त्या बातमीतल्या फोटोत एक म्हातारा माइक धरून उभा होता आणि तावातावाने काहीतरी सांगत होता. तांब्यांनी यशोधराबाईंना तो फोटो दाखवला नाही.

गेटवरचा बॅनर उतरवला गेला. खत केंद्राच्या देखरेखीला सोसायटीतून एक माणूस हवा होता. सभेत कुणीही हात वर केला नाही. मग सगळ्यांनी तांब्यांकडे बघितलं, आणि या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत. तांबे रोज सात वाजता खाली जाऊ लागले. हातात लांब चिमटा, अंगात यशोधराबाईंनी दिलेला जुना स्वयंपाकाचा एप्रन. बादलीत प्लॅस्टिक निघालं की ते फ्लॅटचा नंबर फळ्यावर लिहीत. पहिल्याच आठवड्यात सातशे चार दोनदा लिहावा लागला. दुसऱ्यांदा चूक त्यांची स्वतःची होती, दुधाच्या पिशवीची. त्यांना लिहिताना बघून चंदर बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी हसले, आणि तिथून दोघांचं पुन्हा जमलं.

अडीच महिन्यांनी पहिलं खत निघालं. तांब्यांनी ते चाळलं, पोत्यात भरलं आणि सरळ, सुबक अक्षरात पाटी काढली, 'उत्तम प्रतीचे सेंद्रिय खत'. पहिलं पोतं बनूबाईला द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि आपण ते देताना ती काय म्हणेल याचा थोडा विचारही केला होता. ती सकाळी भाजीची टोपली खाली ठेवून आली. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढलं, दाबलं, नाकाशी नेलं.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "आत अजून गरम लागतं. असा घातला तं रोपं जलतील."

"पण पुस्तकात साठ दिवस लिहिलेत."

"पुस्तक असंल. तू हात घाल."

तांब्यांनी बाही वर सरकवली आणि हात घातला. आत खरंच गरम होतं.

"कधी होईल मग?"

"महिनाभर उलथा-पालथा करत ऱ्हा. मंग बोलाव मना." तिने हात झटकला, टोपली उचलली आणि जाता जाता पाटीकडे मान उडवून विचारलं, "तेवर काय लिवलाय?"

"काही नाही," तांबे म्हणाले, आणि ती गेटपर्यंत पोचायच्या आत त्यांनी पाटी उलटी करून ठेवली.